फोटोत न आलेलं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तीनही फोटो पाहिले. आधी नुसते पाहिले, मग मोठे करून पाहिले. खोऱ्यातून वर चढणाऱ्या ढगाचा फोटो तर मी रात्री झोपेपर्यंत चार वेळा उघडला. ढगाची ती वरची बाजू, कापसाला उन्हाची कड लागल्यासारखी, जमिनीवरून कधीच दिसत नाही. मला हेलिकॉप्टर उडवणं सोडून इतकी वर्षं झाली, तरी ती पाहिली आणि पाय आपोआप पेडल शोधू लागले.

मग मला काचेत तुझा हात दिसला.

फोन धरलेला हात. प्रतिबिंब उलटं असतं हे धरूनही तो डावाच हात आहे, मनगटावरचं घड्याळ मी ओळखते. म्हणजे त्या क्षणी कलेक्टिव्हवर, हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या डाव्या हाताच्या दांड्यावर, कुणाचाच हात नव्हता. तू म्हणशील, ते जागचं हलू नये म्हणून फ्रिक्शन आवळलेलं होतं, सरळ उड्डाण होतं, वाराही पडलेला होता. असेल तसं. पण इंजिन बंद पडलं तर कलेक्टिव्ह तिथल्या तिथे खाली जायला हवं. पात्यांचा वेग एकदा फार उतरला की तो परत मिळत नाही, आणि हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरात त्यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात. ती सेकंदं तुझी फोन कुठे टाकायचा यातच गेली असती.

लहानपणी तू मला जाँ बूले या फ्रेंच पायलटची गोष्ट परत परत सांगायला लावायचास. २१ जून १९७२, लामा हेलिकॉप्टर, १२,४४२ मीटर उंची, तिथे इंजिन विझलं आणि ते पुन्हा पेटेना. मग तो थेट जमिनीपर्यंत ऑटोरोटेशनवर, म्हणजे खालून येणाऱ्या हवेनेच पाती फिरती ठेवून, उतरत आला. तुला त्यातला उंचीचा आकडा आवडायचा. मला मात्र त्यातली एक गोष्ट तेव्हाही महत्त्वाची वाटायची, की चूक सावरायला त्याच्याखाली बारा किलोमीटर हवा होती. तुझ्या फोटोत नदीकाठचे दगड वेगळे मोजता येतात. तुझ्याखाली पाचशे फूटसुद्धा नव्हते.

मी रागावलेले नाही. मला भीती वाटली, आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही असं ठरवून हे लिहिते आहे. उडताना फोटो काढायचा असेल तर शेजारच्या सीटवरच्या माणसाला काढू दे. शेजारी कुणी नसेल तर तो ढग डोळ्यांनी पाहा आणि रात्री मला चार ओळी लिही. मला तो तेवढ्यानेही दिसेल.

दुसरा फोटो कड्यावरचा. हेलिकॉप्टर ज्यांवर टेकतं त्या खालच्या दांड्यांपैकी एक स्किड खडकाला टेकलेला, दुसरा हवेत, आणि माणसं वाकून उतरताहेत. हे काम तू फार चांगलं केलं आहेस. माणूस उतरताना हेलिकॉप्टर एका बाजूने हलकं होतं आणि ते हलकेपण तुला उजव्या हातातल्या सायक्लिकने तिथल्या तिथे सावरावं लागतं. फोटोत सगळं इतकं शांत दिसतं की पाहणाऱ्याला वाटेल, यंत्र तिथे ठेवलेलंच आहे. तुझे हात किती काम करत होते ते मला माहीत आहे. पण हा फोटो कुणी काढला? फोटोचा कोन सांगतो की काढणारा चढाच्या बाजूला उभा होता, पात्यांच्या जवळजवळ पातळीत. उतारावर पाती चढाच्या अंगाला जमिनीच्या सगळ्यात जवळ फिरतात. वाऱ्याच्या एका झोतात तेवढंही अंतर उरत नाही. चांगला फोटो मिळावा म्हणून तो तिथे गेला असेल, बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. उद्या भेटलास की त्याला नीट सांग, आणि तोच फोटो त्याला दाखवून सांग. जिथून तुला पायलटचा चेहरा दिसत नाही तिथे उभं राहायचं नाही, हे आमच्या मेकॅनिकचं वाक्य मी अजून वापरते.

तिसऱ्या फोटोत पाती केळ्यासारखी वाकलेली आली आहेत. ते फोनचं काम. तो चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. हा फोटो मी शेजारच्या मुलांना दाखवला. बाकी दोन दाखवले नाहीत.

तुम्ही पायलट मंडळी एकमेकांना फोटो आणि किस्से पाठवता हे मला फार आवडतं. हे थांबवू नकोस. आमच्या वेळी फोटो क्वचित, पण संध्याकाळी हँगरमध्ये मशीन पुसताना सगळं बोललं जायचं, आणि त्या बोलण्याने मला एकदा वाचवलं आहे. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका खोऱ्यात सामान पोचवायचं काम सुरू होणार होतं. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ पायलटने आदल्या संध्याकाळी माझी वही मागून घेतली आणि पेन्सिलीने नदीचं एक वळण काढलं. वळणाच्या दोन्ही अंगांना एकेक खांब, आणि मध्ये एक रेघ. म्हणाले, ही तार तुला दिसणार नाही. सकाळी ऊन समोरून येतं आणि मागचा डोंगर करडा आहे. तार शोधूच नकोस. खांब शोध, आणि जायचंच असेल तर खांबाच्या डोक्यावरून जा. मुख्य तारांच्या वरून आणखी एक बारीक तार जाते, ती मोठ्या तारा दिसल्यावरही दिसत नाही. मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की आदल्या वर्षी ते स्वतः त्या तारेखालून गेले होते, आणि तिच्याखालून गेलो हे त्यांना पलीकडे पोचल्यावर कळलं.

एवढा मोठा माणूस, त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती. सकाळी मी त्या वळणावर पोचले तेव्हा खरंच तार दिसली नाही. मी डावीकडचा खांब शोधला, उंची घेतली आणि त्याच्यावरून गेले. परतताना ऊन पाठीमागे आलं होतं तेव्हा ती दिसली, बरोबर त्या उंचीवर जिथून मी एरवी गेले असते. त्या जागेचा फोटो कुणी काढला असता तर त्यात नदी आली असती, झाडी आली असती. तार आली नसती.

म्हणून माझं एक मागणं आहे. फोटो पाठवशील त्याच्यासोबत फोटोत न आलेलं लिहीत जा. वारा कुठून होता, तापमान किती होतं, वजन किती घेतलं होतं, हॉव्हरला, म्हणजे जागच्या जागी तरंगायला, इंजिनाचा टॉर्क किती लागला, आणि कोणत्या गोष्टीने तुला आत कुठेतरी खटकलं. १९४४ च्या एप्रिलमध्ये कार्टर हार्मन या अमेरिकी पायलटने ब्रह्मदेशाच्या जंगलातून चार माणसं सिकोर्स्कीच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढली, ती एकेक करून. उष्ण दमट हवेत ते इंजिन एका वेळी एकापेक्षा जास्त माणूस उचलूच शकत नव्हतं, आणि मध्ये ते तापलं म्हणून थांबावंही लागलं. नुसतं 'चौघांना वाचवलं' असं सांगितलं तर ती शौर्यकथा होते. 'एकेक करून' हे शब्द घातले की पुढच्या पायलटला त्यातून वजनाचा हिशेब शिकता येतो.

रात्री धुळीत उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचे ते फोटो तू मला मागे दाखवले होतेस, पात्यांभोवती सोनेरी वलय पेटलेलं. पात्यांच्या पुढच्या कडेला धातूची पट्टी असते, वाळूचे कण तिला खरवडतात आणि उडालेले बारीक कण हवेत जळतात. मायकेल यॉन या छायाचित्रकाराने अफगाणिस्तानात ते टिपलं आणि २००९ मध्ये तिथल्या युद्धात प्राण गमावलेल्या कॉप आणि एचेल्स या दोन सैनिकांची नावं त्याला दिली. किती देखणं दिसतं ते! पण ज्या धुळीने ते वलय पेटतं त्याच धुळीत आतल्या पायलटला जमीन दिसेनाशी होते. बाहेरच्याला सोनं दिसतं तेव्हा आतला माणूस आपण मागे सरकतो आहोत की पुढे, हे शोधत असतो. असा फोटो कुणी पाठवला तर सुंदर आहे म्हण, आणि मग विचार, की शेवटच्या पन्नास फुटांत तू काय धरून उतरलास?

आणखी एक. परत फिरलेल्या दिवसांचे फोटो कुणी काढत नाही. माझ्या लॉगबुकात असे कितीतरी दिवस आहेत, चाळीस मिनिटं उडाले आणि परत आले. एकदा वरच्या तळावर माणसं दोन दिवसांपासून वाट पाहत होती, खिंडीत ढग बसलेला होता, फक्त खाली एक फट होती आणि तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. फट पुरेशी वाटत होती. मी वळले. रेडिओवरचा तो नाराज आवाज मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ आकाशात गेले, सगळ्यांना घेऊन आले, आणि त्यातला एक माझ्याशी शब्दही बोलला नाही. त्या ढगात मी शिरले असते तर काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. म्हणूनच ती गोष्ट सांगायला अवघड जाते, तिला शेवट नाही. पण तुझ्यासोबतची नवीन मुलं फक्त पोचलेल्या लोकांचे फोटो पाहत राहिली, तर त्यांना वाटेल की सगळे नेहमी पोचतात. तू तुझे परत फिरलेले दिवस सांग. ज्याचं उडणं लोक मानतात त्याने सांगितलं की बाकीच्यांना वळणं सोपं जातं. ज्येष्ठांनी मला तारेचं सांगितलं ते असंच.

स्ट्रेचरवरच्या माणसाचा फोटो मात्र कधी काढू नकोस, चेहरा झाकलेला असला तरी. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी तो तुझ्या हेलिकॉप्टरात आलेला असतो.

माझी ती जुनी वही आजच तुला पाठवली आहे. तुझ्या उपयोगाची आहेत ती मागची पानं, तिथे मी वाऱ्याबद्दल बरंच लिहून ठेवलं आहे. नदीच्या वळणाचं पान मधे कुठेतरी सापडेल. पेन्सिल आता पुसट झाली आहे, मधली रेघ जवळजवळ गेली आहे, खांब तेवढे दिसतात.

वही पोचली की कळव, आणि ढगाच्या फोटोच्या वेळी वारा कुठून होता ते लिही.

तुझी,
आई