रक्तगट पाहून स्थळ मोडू नका, एचपीएलसी रक्तचाचणी करून घ्या

महोदय,

लग्नाच्या बायोडेटात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या खालोखाल हल्ली रक्तगटही असतो. तो वाचून ‘दोघांचाही ओ पॉझिटिव्ह, म्हणजे एकनाड, मुलं धड होणार नाहीत’ असं ठरवून चांगली स्थळं परत पाठवणारे वडीलधारे शहरांतही कमी नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. नक्षत्रं २७, नाड्या ३, प्रत्येकीच्या वाट्याला ९. म्हणजे कुठल्याही तीन जोड्यांत साधारण एक एकनाड निघणार आणि ३६ पैकी ८ गुण तिथेच जाणार. रक्तगट येतो आईबापांकडून, आणि नवरा-बायकोचा तो सारखा असण्यात काहीच धोका नाही. काळजी घ्यावी लागते ती बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे: गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत.

घरच्यांनी ज्याचा खरोखर आग्रह धरावा, ती थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांची तपासणी मात्र कुणी मागत नाही. वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेला माणूस, दिसायला ठणठणीत असतो, त्यामुळे ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ या बोलण्याला अर्थ नाही. दोघंही वाहक असले तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो. सिंधी, लोहाणा समाजांत थॅलेसेमिया. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांनी तर ही तपासणी टाळूच नये.

साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा, ८०च्या खाली आला की बहुतेक जण लोहाच्या गोळ्या सुरू करून मोकळे होतात. थॅलेसेमियाच्या वाहकातही तो असाच कमी येतो. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणी करावी. दोन्ही दोष एकाच चाचणीत कळतात. एचबी-ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाचा वाहक समजतात. पण लोहाची कमतरता फार असेल तर हा आकडा खाली येतो आणि वाहक निसटतो. आधी कमतरता भरून काढावी, मग चाचणी पुन्हा करावी. रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबावं. सिकलसेलची नुसती सोल्युबिलिटी चाचणी (रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ होतं का, हे पाहणारी) पुरत नाही, तिच्यातून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही.

हे सगळं पत्रिका देण्याघेण्याच्या वेळीच व्हावं. याद्या झाल्या, कार्यालयाची आगाऊ रक्कम भरली, की हातात आलेला रिपोर्ट दडपला जातो. एकच जण वाहक आणि दुसऱ्याचा रिपोर्ट स्वच्छ असेल तर लग्न मोडायचं कारण नाही. अशा वेळी मुलीलाच खोट ठरवणं हा निव्वळ अडाणीपणा. दोघंही वाहक निघाले तरी अखेरचा शब्द त्या दोघांचा. गरोदरपणात १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, हे त्यांना डॉक्टरांकडून नीट समजू द्यावं. आणि रिपोर्ट मागायचाच, तर वरपक्षानं आपल्या मुलाचा आधी पुढे करावा.

– एक वाचक, चंद्रपूर