गृहचौकशीत घर दिसते, उत्पन्न दिसत नाही

महोदय,

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये पडला की गृहचौकशीसाठी तलाठ्याकडे येतो. (आता म्हणायचे ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच.) उंबऱ्यावर होणारी ही चौकशी आणि तिच्याखालचा एका ओळीचा शेरा, यांवर महिन्याचे 1,500 रुपयांचे अनुदान (दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500) ठरते.

शेरा बिघडण्याची नेहमीची जागा म्हणजे सातबारा. नवरा वारल्यावर विधवेचे नाव दीर-सासऱ्यांसोबत सामाईक खात्यात लागते. चौघांच्या दोन हेक्टरांत समान वाट्याने तिचे 50 आर, पण अहवालात अख्खे दोन हेक्टर तिच्या नावे मांडले जातात. उतारा दाखवतानाच हिस्सा लिहून घ्यायला सांगावे, 8-अ (खातेउतारा) हाताशी ठेवावा. घर स्लॅबचे पण घरकुलातले असेल, तर मंजुरीचा कागद पुढे करावा. मुलगा वेगळा राहतो हे नुसते सांगून भागत नाही. शिधापत्रिका एकच असेल तर त्याची मोटारसायकलही आईचीच श्रीमंती ठरते.

खरी गाठ मात्र उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे (दिव्यांगांसाठी 50,000). रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. म्हणजे सरकारच्याच कामावर 68 दिवस गेली की बाई 21,216 रुपयांवर पोचते आणि निराधार उरत नाही! मग दाखल्यावर वीस-एकवीस हजारांचा आकडा बसवला जातो. तो खरा नाही हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि चौकशीला येणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा अर्जाची चौकशी नियमाने होत नाही, मर्जीने होते.

त्यात वेळ. हयातीची पडताळणी जानेवारी ते मार्चमध्ये, आणि आमच्या भागातली माणसे तेव्हा ऊसतोडीला. कुलूप दिसले की ‘घरी आढळून आले नाही’ असा शेरा पडतो. पुढे अनुदान का थांबले हे विचारायला मजुरी बुडवून तहसीलच्या खेपा.

चौकशीची तारीख दोन दिवस आधी कळवावी, अहवाल अर्जदारासमोर भरून त्याची प्रत तिला द्यावी आणि नामंजुरीचे कारण लेखी द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, तहसीलदारांचे एक परिपत्रक पुरे. 21,000 ची मर्यादा मात्र मंत्रालयातच बदलावी लागेल.

— एक वाचक, केज (जि. बीड)