साखरेच्या डब्यात रिमोट लपवणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

इतकी वर्षं आभार मानायचे राहूनच गेले. परवा वडलांनी विषय काढला म्हणून लिहायला बसलो.

1 जुलै 2018, रविवार. आमच्या गल्लीतली लाईट गेलेली, आणि तिकडे हॉलंडात ब्रेडाला हॉकीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, भारत-ऑस्ट्रेलिया. वडलांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. अशोक चौकातल्या तुमच्या हॉटेलात पोचेपर्यंत ते तीनदा थांबले. येऊन बघतो तर टीव्हीवर फुटबॉल वर्ल्ड कप, स्पेन-रशिया, आणि समोर दहा-बारा पोरं. तुम्ही वडलांकडं एकदा बघितलंत, चॅनल बदललंत आणि रिमोट साखरेच्या डब्यात खुपसून झाकण लावलंत. "म्हातारं माणूस लांबून आलंय बे, गप बसा!"

आपण गोल खाल्ला तेव्हा पोरं मोबाइलात होती. पण 42व्या मिनिटाला विवेक सागर प्रसादनं बरोबरी केली, अठरा वर्षांचं पोरगं ते, आणि सगळं हॉटेल उठलं. कुणाचा तरी अर्धा चहा माझ्या चपलेवर. 1-1 वर वेळ संपला. शूटआउट म्हणजे काय ते वडलांनी पोरांना समजावलं: 23 मीटरच्या रेघेवरनं बॉल घेऊन सुटायचं, आठ सेकंदांत गोलकीपरला चकवायचं. मग प्रत्येक वेळी ते आठ सेकंद बोटांवर मोजत बसले. आपला एकच गोल झाला, त्यांचे तीन. दोन वर्षांपूर्वी लंडनच्या फायनललाही हेच, हाच ऑस्ट्रेलिया, शूटआउटला हेच 1-3.

लगेच शिव्या सुरू. कुणी कोचला, कुणी थेट आपल्या गोलकीपरला, श्रीजेशला. तासाभरापूर्वी ज्यांना शूटआउट माहीत नव्हतं, तीच पोरं! "लावा आता फुटबॉल," म्हणाले. तुम्ही डब्याला हात लावला नाहीत. "मेडल तर घेऊ द्या की त्यांना."

आणि चांदीची मेडलं गळ्यात पडायला लागली तेव्हा गाळणी हातात तशीच धरून तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. मागं चहा उतू गेला, तरी वळला नाहीत. वडील टेबलाला धरून उठले. शिव्या देणाऱ्यांतली दोन पोरंही उभी राहिली, बाकीची निघून गेली.

आभार त्याचेच. एरवी आपण हरलो की मी तिथल्या तिथं टीव्ही बंद करायचो. हरून मेडल घेणाऱ्यांचे चेहरे मी तोवर कधी बघितलेच नव्हते. ती स्पर्धाही त्या रात्रीनंतर परत झाली नाही. 1978 साली सुरू झाली, 2018 ला संपली, आणि आपल्याला एकदाही मिळाली नाही. पुढच्या वेळी बघू म्हणायचीही सोय नाही. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलला जर्मनीनं 3-2 नं हरवलं, तेव्हा मात्र घरी टीव्ही बंद करायला कुणीच उठलं नाही. दोन दिवसांनी ब्राँझ आलं, श्रीजेशच्या शेवटच्या मॅचला.

चहाचे पैसे त्या रात्री तुम्ही चोख घेतलेत, चपलेवर सांडलेल्याचेसुद्धा. त्याबद्दल तक्रार नाही. वडलांचा एकच प्रश्न आहे, तेवढं कळवा: रिमोट काढल्यावर त्या डब्यातली साखर टाकून दिलीत, का दुसऱ्या दिवशी आम्हालाच पाजलीत?