मटण सुटलं, बाक सुटत नव्हता

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या ख्रिस्ती लोकांचे लेंटचे, म्हणजे उपवासकाळाचे दिवस चालू आहेत आणि दरवर्षी शेजारीपाजारी एकच विचारतात, "काय वहिनी, यंदा पण मटण बंद का?" अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांनी 1852 साली कोल्हापुरात मिशनचं काम सुरू केलं, तेव्हापासून आम्ही इथं सगळ्यांच्या शेजारी राहतोय, म्हणून वाटलं तुमच्या पेपरातून जरा नीट सांगावं.

लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार उपासात धरत नाहीत म्हणून 40, प्रभू येशूनं अरण्यात 40 दिवस उपास केला त्याची ही आठवण. कोल्हापुरात तांबडा-पांढरा सोडायचा म्हणजे मोठीच गोष्ट, आमच्या घरात तर रविवारी पण बंद असतं. पण खरं सांगू का, मटण मला कधीच जड गेलं नाही.

जड गेला तो बाक. चर्चमधला डावीकडचा तिसरा, खिडकीजवळचा, आई होती तेव्हा तिच्याशेजारी बसायचे आणि ती गेल्यावर 11 वर्षं तिथंच बसतेय. जानेवारीत एक नवीन कुटुंब तिथं बसायला लागलं, नोकरीसाठी बाहेरून आलेली माणसं, त्यांना काय माहीत, पण माझं डोकंच फिरलं. दोन रविवार लवकर जाऊन पर्स आणि शाल ठेवून जागा धरली, तोंडानं गीत आणि डोळा दाराकडं. आईची आठवण म्हणून जपत होते ते नुसतं 'माझं' कधी झालं कळलंच नाही.

राखेच्या बुधवारी ठरवलं, यंदा बाक सोडायचा. पहिला रविवार लई अवघड गेला, मागं बसून रडू आलं, पाळक साहेबांचा उपदेश काही डोक्यात शिरला नाही. बायबलात मत्तयाच्या 6व्या अध्यायात उपास लोकांना दाखवायला करू नका असं सांगितलंय, म्हणून घरी पण बोलले नाही आणि इथं पण नाव देत नाही.

मागच्या बाकावर एक आजी असतात, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आता मी त्यांना वचन हळू आवाजात वाचून दाखवते. त्या इतकी वर्षं तिथंच बसत होत्या आणि मला त्यांचं नाव पण माहीत नव्हतं. ईस्टरला त्यांना आणि त्या नव्या कुटुंबाला घरी जेवायला बोलावलंय, तांबडा-पांढरा त्या दिवशी करणार आहे.

- एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर