बाबा, ती बाटली मी आणणार नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारच्या फोनवर नेहमीचाच गोंधळ झाला. बाबा म्हणतायत, "तिकडे ते कायदेशीर आहे, तू फार्मसीतच आहेस, दिवाळीला येताना दोन बाटल्या टाक बॅगेत." मागून आईचं चालू, "गांजाचं तेल? या घरात?" तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात की माझं कोणी ऐकत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले.

बाबा, तुमच्या दुखण्याबद्दल मला जराही शंका नाही. नागीण उठली तेव्हा वेटोळं पुरं झालं की माणूस जातो म्हणून आत्या रडत बसली होती. फोड तर वाळले, पण खालचे मज्जातंतू दुखावलेलेच राहिले. बनियनची शिवण लागली तरी तुम्ही कळवळता, रात्री उघड्या अंगाने बसून राहता, हे आईने सांगितलंय. अशा माणसाला कोणी मोबाइलवर 'विजया तेल, दुखणं गायब' असा व्हिडिओ पाठवला (विजया म्हणजे भांगच), तर तो ऐकणारच. पण बाटली मी आणणार नाही. का, ते नीट सांगते.

इंग्लंडमध्ये 'कायदेशीर आहे' म्हणजे नक्की काय, ते आधी ऐका. २०१८च्या जूनमध्ये बिली कॅल्डवेल नावाच्या अपस्माराच्या मुलाची आई कॅनडातून त्याचं तेल घेऊन हीथ्रोला उतरली आणि अधिकाऱ्यांनी ते काढून घेतलं. मुलाला झटके येऊन त्याला रुग्णालयात हलवावं लागलं. पेपरांत इतका गदारोळ झाला की गृहमंत्री साजिद जाविद यांना काही दिवसांतच खास परवानगीने ते परत द्यावं लागलं. त्याच सुमारास आल्फी डिंग्ली या दुसऱ्या मुलालाही परवाना मिळाला, आणि १ नोव्हेंबर २०१८पासून डॉक्टरांना भांगवर्गीय औषधं लिहून द्यायची मुभा आली. तुमच्या जिल्हा परिषदेत एवढ्या वेगाने फाईल कधी हलली होती का?

पण फाईल हलली म्हणजे औषध घरात आलं असं होत नाही. हे तुम्हाला मी काय सांगायचं! मुभा दिली ती फक्त तज्ज्ञ डॉक्टरांच्या यादीत नाव असलेल्यांना. आपल्या नेहमीच्या डॉक्टरला सुरुवात करून देता येत नाही. तज्ज्ञांपैकी बहुतेकांनी हे औषध कॉलेजात शिकलेलं नाही, आणि ज्याला औषध म्हणून विक्रीचा परवाना नाही असं तेल लिहिलं तर जबाबदारी सगळी त्यांच्या डोक्यावर. त्यामुळे सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, परवाना नसलेल्या तेलाच्या चिठ्ठ्या कितीतरी वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. ज्या आयांनी कायदा बदलून घेतला, त्यांच्यातल्या कित्येकींना मुलाचं तेल खासगीत विकत घ्यावं लागलं, काहींना महिन्याला हजार पाउंडांच्या वर. उलट ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याला खासगी क्लिनिकचा डॉक्टर व्हिडिओवर भेटतो आणि कुरिअरने डबी घरी येते. अशा खासगी रुग्णांची संख्या आता हजारोंच्या घरात गेली आहे. दोन्हीकडे कायदा एकच.

माझं मत विचाराल तर हे उलटं झालंय. झटके येणाऱ्या मुलाचं औषध तज्ज्ञाने एकदा बसवून दिलं की पुढच्या चिठ्ठ्या घराजवळच्या डॉक्टरने सर्रास द्याव्यात, आणि व्हिडिओवर दहा मिनिटांत तीव्र नशेचं गांजाचं फूल लिहून देणाऱ्यांवर मात्र डोळा ठेवावा. फार्मसीतल्या चहाच्या वेळी मी हे बोलते तेव्हा निम्मे माझ्या बाजूने असतात, निम्मे म्हणतात तू फार सरकारी आहेस. कोणावर गेलेय ते तुम्हाला माहीतच आहे.

आमच्याकडचं काम तुम्हाला बघायला आवडलं असतं. हे तेल लोखंडी कपाटात, किल्ली जबाबदार फार्मासिस्टकडे. खासगी चिठ्ठी गुलाबी कागदावर. तिच्यावर औषधाचं प्रमाण चेकवर लिहितात तसं आकड्यात आणि अक्षरात दोन्ही हवं. दोन्ही जुळले नाहीत की चिठ्ठी डॉक्टरकडे परत. सहीपासून २८ दिवसांत औषध दिलं नाही तर ती बाद. मग नोंदवही: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर समासात तारीख घालून दुरुस्ती. परवा एक बाई काउंटरशी उभ्या होत्या, आकडा जुळत नाही म्हणून चिठ्ठी परत पाठवावी लागली. त्या म्हणाल्या, "आज शुक्रवार आहे." एवढंच. त्यांच्या मुलाचं तेल सोमवारपर्यंत पुरणार होतं का, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

हा सगळा व्याप असूनही बाबा, तुमच्या दुखण्यासाठी एनएचएसने इथेही ते तेल दिलं नसतं. नाइस नावाची संस्था औषधांबद्दल मार्गदर्शन करते. तिने २०१९मध्ये स्पष्ट लिहिलंय की जुनाट दुखण्यासाठी टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) असलेलं औषध देऊ नका, कारण खर्चाच्या मानाने फायदा थोडा आहे. एनएचएसमध्ये मिळतं ते मोजक्यांना: अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांत एपिडायोलेक्स, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आखडलेपणासाठी सॅटिव्हेक्सचा फवारा, केमोच्या मळमळीवर नॅबिलोन. नागिणीनंतरचं दुखणं त्यात नाही.

आणि तुम्ही रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेता! सीबीडीमुळे (भांगेतला नशा न आणणारा घटक) वॉरफरिन शरीरात साचू शकतं आणि रक्त किती पातळ ते दाखवणारा आयएनआर वर जाऊ शकतो, अशा नोंदी आहेत. टीएचसीने छाती धडधडते, झोक जातो. रात्री बाथरूमला उठलात आणि पडलात, तर रक्त पातळ असलेल्या माणसाचं काय होतं ते आईने जोशीकाकांच्या वेळी पाहिलंय.

आता आपल्याकडचं. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५चा. त्यात गांजा आणि चरस बंद, पण फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. ती फट तुमच्या व्हिडिओवाल्या तेलाची. पानांपासून केलेलं असेल आणि आयुषचा परवाना असेल तर वैद्यांच्या चिठ्ठीवर ते विकता येतं. विजया विषारी द्रव्यांच्या यादीत, शेड्यूल ई-१मध्ये आहे, म्हणून वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असं लेबलवर छापावं लागतं. मी मात्र इथून टीएचसीची बाटली आणली तर माझ्याजवळची इंग्लंडची चिठ्ठी मुंबई विमानतळावर कामाची नाही. तो सरळ गुन्हा.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. ज्या भांगेला तू नाक मुरडतेस, तिच्यावर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९मध्येच लिहिलं होतं, आणि त्यात तान्ह्या बाळाच्या झटक्यांची एक केस होती. भारतातल्याच इंग्रज सरकारने १८९३-९४मध्ये आयोग नेमून जाडजूड खंड छापले, आणि निष्कर्ष काय, तर बंदी नको, कर आणि परवान्याने आवर घाला. इतकं लिहून झाल्यावरही आज भारतात धड चाचणी झालेली औषधं कमी आणि इन्स्टाग्रामवरच्या बाटल्या जास्त. जम्मूच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेत लागवड करून संशोधन चाललंय, ते पुढे जावं असं मला मनापासून वाटतं.

मॉर्फिनची गोष्ट याहून कडू आहे. त्याच १९८५च्या कायद्याने ते इतकं अडकवलं की कॅन्सरचे रुग्ण विव्हळत राहिले, कारण एकेका औषधाला वेगवेगळे परवाने लागत. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४मध्ये कायदा सुधारला. तरी अजून कित्येक जिल्ह्यांत ते मिळत नाही. म्हणून 'भांग खुली करा' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, लिहून देणारा कोण, आणि दुकानात मिळणार कुठे?

तर बाबा, मिरजेला दुखण्याचा दवाखाना चालवणाऱ्या भूलतज्ज्ञांकडे जा. मागच्या डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही चक्कर येते म्हणून परस्पर बंद केल्यात. तसं नका करू, त्यांना सांगा. डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो, रात्रीची गोळी बदलता येते, लिडोकेनची पट्टी आहे, दुखऱ्या मज्जातंतूजवळ इंजेक्शनही देतात. एवढं करून बघितल्यावरही रात्र निघत नसेल, तर त्यांनाच विचारा की वैद्यांची विजया चालेल का, आणि वॉरफरिनचं आधी सांगा.

आई, आयएनआरच्या शेवटच्या रिपोर्टचा आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढून पाठव. मागची बाजूही, नावं वाचता येतील असा. मी यादी करून पाठवते, ती डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
मेधा