पणजीचं माहेर शोधून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, शाल-नारळ घ्यायलाही तयार झाला नाहीत, वर 'माझं नाव कुठं लिहू नकोस' असं बजावलंत. तेव्हा नाव न लिहिताच हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. मोडीचे कागद छातीशी धरून बेळगावच्या शहापुरात तुमच्या दारात जे उभे राहिले आहेत, त्यांना हे कुणाला लिहिलंय ते कळेलच.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोनच गोष्टी सांगितल्या जात. आपण घाटाखालचे, आणि आजोबांना त्यांच्या मामानं वाढवलं. कुठला घाट, कुठलं गाव, मामा कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खानापूर तालुक्यात राहणाऱ्याला घाटाखालचे म्हटलं तर ते गोव्यातलं सत्तरी असू शकतं, सावंतवाडी असू शकते, कारवारकडचं एखादं गावही असू शकतं. लंडनला असलेल्या माझ्या भाचीनं या शोधाला सुरुवात केली. इंग्लंडची १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये लोकांना पाहायला खुली झाली. तिच्या मैत्रिणीला त्यात पणजोबाचं घर, घरातली माणसं, प्रत्येकाचं वय आणि जन्मगाव असं सगळं एका कागदावर मिळालं. आपल्याकडेही असं काही असेलच, तू विचार, म्हणून ती माझ्या मागे लागली.

तो प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले. आपल्याकडं घरोघरी भरलेले ते कागद आकडे काढून झाल्यावर जपलेच गेले नाहीत, आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानं एकेका माणसाची माहिती कुणालाच पाहता येत नाही, असं तुम्ही सांगितलंत. दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं. तुम्ही मात्र खानेसुमारीचे, म्हणजे त्या काळच्या जनगणनेचे, जुने छापील तक्ते समोर ठेवलेत. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये १०,१३,२६१ होती, ती १९०१ मध्ये ९,९३,९७६ झाली. मधल्या दहा वर्षांत दुष्काळ आणि प्लेग. मग तुम्ही जन्मठिकाणांचा तक्ता काढलात. कुठल्या मुलखात जन्मलेली माणसं मोजणीच्या वेळी आपल्या जिल्ह्यात होती, ते त्यात होतं. 'यात तुझा माणूस सापडायचा नाही, पण माणसं कुठनं येत होती ते सापडेल,' हे तुमचं वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरून घेतलं.

ती माणसं का येत होती, हेही तुम्हीच समजावलंत. एके काळी बेळगावचा माल रामघाट उतरून वेंगुर्ल्याला जायचा आणि येताना बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. त्या वाटेवर कितीतरी घरांची चूल पेटायची. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉक, लोंढा अशी रेल्वे झाली आणि माल तिकडं वळला. घाटातले बैल बसून राहिले. रेल्वेला मात्र माती उपसायला, लाकूड तोडायला, खडी फोडायला माणसं हवी होती. आमचं गाव लोंढ्यापासून लांब नाही. इतकी वर्षं आम्ही 'का आलो' हे विचारलंच नव्हतं, नुसतं 'कुठून आलो' यावर अडून होतो.

घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याची गोष्ट इथं लिहायलाच हवी, कारण ती वाचून आणखी कुणाला वाट सापडेल. आमच्या गावात सुगीला हेळवी येतो. बैलावर बसून यायचा त्याचा बाप, हा मोटारसायकलवर येतो. कानडीत वंशावळ म्हणतो, धान्य घेतो, नवी जन्मलेली नावं लिहून घेतो. शेजारच्या घरांच्या दहा-बारा पिढ्या तो धडाधड म्हणतो, आणि आमच्या दारात आला की खापरपणजोबांपासून सुरू करतो. आमच्या काकांना याचं फार वाईट वाटायचं. घराण्याला मूळच नाही असा त्याचा अर्थ घेऊन ते त्याला दारात उभं करायलाही नाखूश असत. तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात की इतका सबळ पुरावा दुसरा मिळायचा नाही: खापरपणजोबा इथं आलेला पहिला माणूस, त्याच्या आधीचं या गावात शोधू नका. काकांच्या मनातला सल त्या वाक्यानं गेला. यंदा त्यांनी हेळव्याला घरात बसवून जेवू घातलं. याबद्दलचे आभार वेगळे मानते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या भेटीत मी तुमच्यासमोर वंशावळ मांडली, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. तुम्ही ती पाहिलीत आणि विचारलंत, 'यांच्या बायका कुठल्या?' गुरुजी, आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. वंशावळीच्या कागदावर बाईला जागाच नसते. जनन-मरणाच्या नोंदवहीत ती अमक्याची बायको, शाळेच्या जनरल रजिस्टरात तर तेवढीही नाही. तुमचं म्हणणं असं की परमुलखात आलेला पुरुष नाव बदलतो, गावाचं आडनाव लावतो, धंदा बदलतो. पण एक-दोन पिढ्या तरी मुलगी आपल्याच मुलखातून करून आणतो. तेव्हा बाईचं माहेर शोधा.

मग रेकॉर्ड रूममधल्या जुन्या नोंदींच्या नकला काढण्यासाठी अर्ज कसा करायचा, संगणकावरची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, पुरत नाही तर हातानं लिहिलेला फेरफारच का मागायचा, सर्व्हे नंबराला पूर्वीचा पोटहिस्सा कुठला, हे सगळं तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत. एका कचेरीत 'जुनं काही नाही' म्हणून मला परत पाठवलं तेव्हा तुम्ही ऐंशीच्या घरातले, काठी घेऊन स्वतः माझ्याबरोबर आलात.

पणजोबा आणि पणजी १९१८ च्या साथीत गेले. मरणाच्या नोंदवहीत दोघांची नोंद एकाखाली एक आहे, कारण 'ताप'. इन्फ्लुएन्झाची ती साथ आख्ख्या मुंबई इलाख्यात गावंच्या गावं झोपवून गेली, हे मी वाचलं होतं. पण आपल्या घराच्या दोन ओळी त्यात पाहणं निराळं. पुढच्या वर्षीच्या फेरफारात वारसाची वर्दी होती. मोडीत शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, लिहिणाऱ्याची घाई वेगळीच. मला ती निव्वळ एक लांबलचक रेघ आणि तिला लोंबणारी वळणं दिसत होती. तुम्ही भिंग धरून सावकाश वाचू लागलात: मयत... वारस मुलगा, अज्ञान (म्हणजे वयात न आलेला)... पालनकर्ता मामा... आणि पुढं त्या मामाचं नाव, गाव, 'संस्थान सावंतवाडी'.

पणजीच्या माहेरचं गाव. शंभर वर्षं ते आमच्याच शेताच्या कागदावर होतं.

आईबाप एकदमच गेल्यावर तो मामा घाट चढून वर आला, भाच्याचं शेत राखलं, त्याला मोठं केलं, शाळेत घातलं. शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून त्याचंच नाव आहे हे आम्ही नंतर पाहिलं. ज्याच्यामुळं आम्ही आहोत, त्या माणसाचं नाव तुम्ही वाचून दाखवीपर्यंत आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून पितृपक्षात त्यांच्या नावानंही पान वाढतो. पणजीचं नाव त्या फेरफारात नव्हतं. ते मिळालं तिच्या माहेरीच.

ते गाव भेडशीच्या पलीकडं, आता दोडामार्ग तालुक्यात. आम्ही गेलो तर मामांचे पणतू अंगणात सुपारी वाळत घालत होते. 'लोंढ्याकडं दिलेली आत्या' त्यांच्या घरात अजून बोलण्यात होती. तिचं माहेरचं नावही त्यांना ठाऊक होतं, मी ते माझ्या नातीला ठेवलं आहे. आमची मूळ भावकी तिथून दोन वाड्या सोडून निघाली, ग्रामदेवतेच्या जत्रेत त्यांचा मान आहे, आडनाव आमच्यापेक्षा वेगळं. मधला दुवा चंदगडचा निघाला. रामघाटाच्या माथ्यावर खापरपणजोबा काही वर्षं बैलं घेऊन राहिले होते. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं आणि राज्यपुनर्रचनेत कोल्हापूरकडं गेलं, तेव्हा इकडं नाही मिळालं तर तिकडं बघा, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं.

आपल्या सीमाभागात एका घराची कहाणी मोडीत सुरू होते, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पुढं जाते आणि कानडीत येऊन पोचते. आजच्या मुलांना पहिली लिपी येत नाही, थोरांना शेवटची येत नाही. तुम्हाला तिन्ही येतात, आणि त्या तुम्ही गल्लीतल्या कुठल्याही माणसासाठी, मराठी असो की कानडी, तितक्याच जिव्हाळ्यानं वापरता. कुणाचा वाटणीचा कागद, कुणाचा इनामाचा, कुणाचं नुसतं जुनं पत्र. काकू प्रत्येकाला चहा देतात आणि कागदावर चहा सांडू नये म्हणून पेला लांब ठेवायला सांगतात. त्यांचेही आभार, मनापासून.

तुमच्याकडं मोडी शिकायला यायची माझ्या पुतणीनं परवानगी मागितली होती. तुम्ही 'रविवारी ये' म्हणालात. ती येते आहे, बरोबर तिच्या दोन मैत्रिणीही येतील. मरणाच्या नोंदवहीची पानं कडेनं झडू लागली आहेत. त्यांचे फोटो काढून ठेवण्यासाठी अर्ज करायचं तुम्ही सुचवलं होतंत, तो मसुदा तयार आहे, तुम्ही एकदा नजर टाका.

आणि पाऊस थांबला की गाडी करून भेडशीला जायचं आहे. मामांच्या घरच्यांनी तुम्हाला आणि काकूंना आवर्जून बोलावलं आहे. तिलारीमार्गे जाऊ, वाटेत चंदगडला थांबू, तुम्हाला त्रास होणार नाही अशी सोय करते. नाही म्हणू नका.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक लेक