वेलीची विश्रांती

पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक
एप्रिलअखेर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की दिवाळीपासून लागोपाठ दोन पुस्तकांची चित्रे पूर्ण केल्यावर गेले तीन महिने कागद पुढ्यात घेऊन तासन्‌तास बसले तरी हात हलत नाही, आणि आपल्यातली चित्रेच संपली की काय अशी भीती वाटते. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. चित्रकलेतले मला कळत नाही, द्राक्षांतले थोडेफार कळते, म्हणून त्याविषयीच लिहितो.

या आठवड्यात आपली खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून एप्रिलात करतो ती, उरकली. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला बाग जळाली असे वाटावे, अशी ती दिसते आहे : तारांवर नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि एकेक डोळा (कोंब फुटायची जागा) राखून छाटलेल्या काड्या. पण फळासाठी ऑक्टोबरात करतो त्या गोडी छाटणीनंतर जे घड बाहेर पडतात, ते ऑक्टोबरात तयार झालेले नसतात. ते ठरतात या छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, म्हणजे जूनमध्ये, नव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत, जेव्हा बाहेरून पानांखेरीज काहीच दिसत नाही. गोडी छाटणीआधी आपण काड्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. एका वर्षी तिथल्या मुलाने ब्लेडने डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला होता. हरभऱ्याहून लहान असलेल्या त्या डोळ्यात फिकट दाण्यांचा एक पुंजका होता. तो पुढच्या फेब्रुवारीचा घड. पावसाळाभर मी त्याच्या शेजारून फवारणीचा पंप घेऊन फिरलो होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आता मुख्य गोष्ट. माल उतरल्यावर लगेच छाटणी करायची नसते. मधले दोन-तीन आठवडे वेलीला विश्रांती द्यायची असते. त्या दिवसांत जुनी पाने जे अन्न करतात ते घडांकडे न जाता काड्यांत, ओलांड्यांत, खोडात आणि मुळांत साठते, आणि छाटणीनंतरची नवी फूट तिची स्वतःची पाने कामाला लागेपर्यंत याच साठ्यावर जगते. ही विश्रांती म्हणजे बाग वाऱ्यावर सोडणे नव्हे. पाणी कमी करायचे, पण तोडायचे नाही. चरी घेऊन शेणखत घालायचे. पाने शक्य तितकी टिकवायची. घडाची मागणी मात्र काही करायची नाही.

युरोपातल्या वेलीला ही शिकवण द्यावी लागत नाही, कारण थंडी पडली की तिची पाने झडतात आणि वसंतापर्यंत ती झोपते. आपल्याकडची वेल मुळी झोपतच नाही. पाणी द्या, ती फुटत राहते. म्हणून तर आपण वर्षात दोन छाटण्या करतो आणि पीक एकच घेतो. इथे वेलीला थांबवायचे काम हवामान करत नाही, ते बागायतदाराला करावे लागते. तुझ्या पुण्यातल्या कामालाही ऋतू नाही, हे मला फोन ठेवल्यावर सुचले.

एक चूक सांगतो, जी तुला आजवर सांगितली नाही. तू दहावीत होतीस त्या वर्षी भाव चांगला होता. मी प्रत्येक वेलीवर नेहमीपेक्षा दहा-बारा घड जास्त ठेवले, भाव आणखी चढेल म्हणून माल उशिरापर्यंत वेलीवरच राखला आणि शेवटची गाडी भरल्यावर चौथ्या दिवशी छाटणीला मजूर लावले. पुढे जूनभर आभाळ राहिले. ऑक्टोबरात डोळे फुटले, तेव्हा निम्म्या काड्यांवर घड जिरलेले होते. घडाच्या जागी नुसत्या बाळ्या, तारेला गुंडाळायला निघालेल्या. मी आभाळाला दोष दिला. आभाळाचाही दोष होता, पण शेजारच्या बागेवरही तेच आभाळ होते आणि तिथे माल बरा आला. (तुझी आई हे मला त्याच महिन्यात म्हणाली होती. तेव्हा मला राग आला होता.)

म्हणून तुझे हे तीन महिने मला संपल्याचे लक्षण वाटत नाहीत. तू माल उतरवून चौथ्या दिवशी छाटणीला बसली आहेस, इतकेच. घराचे हप्ते आहेत, सगळे काम बंद करता येणार नाही, हे मी जाणतो. मांडणी, दुरुस्त्या, बिले, जुनी चित्रे लावून ठेवणे ही कामे चालू ठेव, आणि ती दुपारी कर, कारण लहानपणापासून तुझा हात सकाळीच चालतो. नवे पुस्तक मात्र पावसाळ्याआधी स्वीकारू नकोस. प्रकाशकाने घाई केली तर त्याला तारीख सांग, कारणे सांगत बसू नकोस. या काळात पाहणे, वाचणे, भटकणे सोडू नकोस. तेवढे पाणी चालू राहू दे.

पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन पुढच्या आठवड्यात सुटणार असे ऐकतो. ते झाले की मला चार दिवस मोकळे मिळतील. तेव्हा बेदाणे घेऊन येतो. तुला काही काढून दाखवावे लागणार नाही.

कळावे,
तुझे अप्पा